खिशातली वही आणि टेबलावरचा संगणक



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला आमंत्रण दिले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, आम्ही जन्मभर गणित शिकविले असल्यामुळे गणितावरच काही बोलावे. परंतु दिवसभर उकाड्याने त्रासलेल्या माणसांना संध्याकाळी मोकळ्या हवेत बसवून गणित ऐकवावे, इतके आम्ही निर्दय नाही. म्हणून आम्ही एका लहानशा यंत्राचा विषय निवडला. मघाशी फाटकाशी फळ्यावरचा विषय वाचून एका गृहस्थांनी विचारले, "मास्तर, हे यंत्र हल्ली मिळते कोठे?" त्यांना आम्ही खरे तेच सांगितले. ते कोठेही मिळत नाही. जुन्या बाजारात एखादे सापडले तर सापडले. मग मेलेल्या यंत्राचे आख्यान कशाला? कशाला म्हणाल, तर त्या यंत्रापुढे जो प्रश्न होता तो आता या मंडपात बसलेल्या बहुतेकांच्या खिशात आहे. फरक एवढाच की, त्या यंत्राने तो उघडपणे मांडला होता आणि हल्लीची यंत्रे तो आपल्या नकळत सोडवून मोकळी होतात.

प्रश्न असा. एकच यादी दोन ठिकाणी आहे. दोन्ही ठिकाणी माणसे तिच्यात फेरफार करतात. मग खरी यादी कोणती?

आपल्यापैकी ज्यांच्या घरी दुकानदारी होती त्यांना रोजकीर्द आणि खतावणी या दोन वह्या माहीत असतील. दिवसभराची देवघेव जशी घडेल तशी रोजकीर्दीत लिहायची, आणि मग ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत चढवायची. हा मार्ग एकेरी आहे. रोजकीर्दीतून मजकूर खतावणीत जातो. खतावणीतून उलट रोजकीर्दीत काही येत नाही. म्हणून दोन वह्या असूनही भांडण नाही. हिशेब चुकला तर चूक कोठून शोधायला लागावे हे दिवाणजीला ठाऊक असते. पण समजा, एका दुकानाच्या दोन गाद्या आहेत, दोन्हीकडे सारखीच वही आहे, दोन्हीकडचे दिवाणजी आपापल्या वहीत खोडतात, लिहितात, आणि आठवड्यातून एकदा दोघे भेटून वह्या जुळवितात. आता मात्र प्रकरण सोपे राहिले नाही. खिशातली यांत्रिक वही आणि टेबलावरचा संगणक यांचे नाते या दुसऱ्या प्रकारचे होते.

अशा वह्यांचा प्रारंभ पाहू गेल्यास १९८४ साल लागते. इंग्लंडमध्ये सायऑन नावाच्या कंपनीने, म्हणजे डेव्हिड पॉटर या गृहस्थांच्या कंपनीने, ऑर्गनायझर नावाचे एक हातात मावणारे यंत्र काढले. पडदा एका ओळीचा. तीत सोळा अक्षरे. नोंदी साठवायला लहान पेट्या घालाव्या लागत. या पेट्यांची एक गंमत होती. तेथे लिहिलेले जागच्या जागी पुसता येत नसे. एखादी नोंद काढून टाकली तर यंत्र तिच्यावर फक्त 'ही गेली' अशी खूण करी. मजकूर आत तसाच जागा अडवून बसे. खरोखर पुसायचे झाल्यास पेटी बाहेर काढून अतिनील किरणांच्या दिव्याखाली धरायची, म्हणजे चांगले-वाईट सगळेच एकदम नाहीसे होई. पुसणे म्हणजे वस्तुतः पुसल्याची खूण करणे, हा मुद्दा श्रोत्यांनी लक्षात ठेवावा. पुढे तो आपल्याला लागणार आहे.

त्यानंतर जपानी कंपन्यांच्या डायऱ्या आल्या, १९९३ साली ॲपलचे न्यूटन आले. न्यूटनला माणसाचे हस्ताक्षर वाचता येईल असा गाजावाजा झाला आणि ते वाचताना त्याची जी त्रेधा उडे तिच्यावर अमेरिकेत व्यंगचित्रे निघाली. या सर्व यंत्रांना संगणकाशी जोडता येत असे, नाही असे नाही. पण जोडणीचा दोर आणि प्रोग्रॅम पुष्कळदा वेगळा विकत घ्यावा लागे. जोडणी हा वरचा अलंकार होता. यंत्र आपल्याला स्वतंत्र, छोटा संगणकच समजे.

याच १९९३ सालात झूमर नावाचे आणखी एक यंत्र निघाले आणि पडले. त्याचे काही प्रोग्रॅम लिहिणारी पाम नावाची एक लहान कंपनी कॅलिफोर्नियात होती. जेफ हॉकिन्स यांनी ती १९९२ साली स्थापिली होती. माल पडल्यावर बहुतेक कंपन्या ग्राहकाला नावे ठेवतात. या मंडळींनी ज्यांनी ते यंत्र विकत घेतले होते त्यांनाच विचारले की, तुम्ही याचे काय करता? उत्तरांवरून त्यांच्या ध्यानात आले की, या माणसांच्या टेबलावर संगणक आहेच. त्यांना दुसरा संगणक नको आहे. खिशातल्या कागदी डायरीच्या जागी काही तरी हवे आहे, आणि ते टेबलावरच्या संगणकाशी बोलणारे हवे आहे. आपली स्पर्धा संगणकाशी नसून कागदाशी आहे, हे एकदा कळल्यावर पुढचे काम सरळ होते, अवघड असले तरी.

हॉकिन्स यांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यांनी सदऱ्याच्या खिशात बसेल एवढा लाकडी ठोकळा कापून घेतला आणि तो खिशात घालून ते हिंडू लागले. कोणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा काढायचा आणि भात खाण्याच्या चिनी काडीने त्यावर लिहिल्यासारखे करायचे. लोकांनी काय म्हटले असेल ते असो. परंतु असे केल्याने रोजच्या व्यवहारात माणूस वही केव्हा काढतो, किती वेळ काढतो, आणि कशासाठी काढतो, हे त्यांना कळत गेले. वही पाहण्याचे प्रसंग फार, लिहिण्याचे त्या मानाने थोडे. मग लिहिण्याची अडचण सोसता येईल. भरपूर मजकूर टेबलावर, मोठ्या कळफलकावर, आरामात लिहावा आणि तो खिशात यावा. अर्थात दोन वह्यांची गाठ पडणे ही सोय राहिली नाही. यंत्राचा प्राणच तो झाला.

१९९६ च्या वसंत ऋतूत पायलट १००० आणि पायलट ५००० अशी दोन यंत्रे बाजारात आली. लहान यंत्राची किंमत २९९ डॉलर. वजन सुमारे १६० ग्रॅम. स्मृती १२८ किलोबाइट, म्हणजे साधारण एक लक्ष एकतीस हजार अक्षरे मावतील एवढी. आज आपण लग्नाचा एक फोटो पाठवितो त्यात अशी कित्येक यंत्रे बुडून जातील. लिहिण्यासाठी एक विशेष बाराखडी शिकावी लागे. तीतील 'ए' या अक्षराला मधली आडवी रेघ नसे, नुसते उलटे 'व्ही'. आम्ही ती पन्नाशी उलटल्यावर शिकलो आणि पाटीवर मुळाक्षरे गिरविणाऱ्या मुलांविषयी आमच्या मनात नवा आदर उत्पन्न झाला.

यंत्राबरोबरच, त्याच किमतीत, एक बैठक मिळे. इंग्रजीत तिला पाळणा म्हणत. पाळण्यातून एक दोर निघून संगणकाच्या मागच्या बाजूस जाई. यंत्र पाळण्यात ठेवायचे आणि पाळण्यावरचे एकुलते एक बटण दाबायचे. चढत्या सुराचा एक आवाज येई, पडद्यावर एकामागून एक नावे झळकत, शेवटी दुसरा आवाज येई आणि काम झालेले असे. त्या क्रियेला त्यांनी हॉटसिंक नाव दिले होते. संगणकावर काही उघडायचे नाही, कोणती फाइल कोठे ठेवायची ते विचारायचे नाही. संगणकातला एक प्रोग्रॅम दाराशी बसलेल्या गड्यासारखा त्या दोराकडे कान लावून बसलेला असे. हाक खिशातल्या वहीने मारायची आणि ओ त्याने द्यायची.

आता बटण दाबल्यावर आत काय घडे ते पाहू. येथे आम्ही थोडा वेळ मागतो, कारण व्याख्यानाचा जीव यात आहे.

दोर सिरियल पद्धतीचा. म्हणजे अक्षरे मुंग्यांच्या रांगेसारखी, एकामागून एक बिट करीत जात. सेकंदाला ५७,६०० बिट हा वेग अशा दोरावर चांगला समजला जाई. एका अक्षराला आठ बिट, शिवाय सुरुवातीचा एक आणि शेवटचा एक, असे दहा खर्चले तर सेकंदाला ५,७६० अक्षरे. वाटेत एखादे अक्षर बिघडले तर? म्हणून मजकुराची लहान लहान पुडकी बांधीत, प्रत्येक पुडक्याबरोबर त्यातल्या मजकुरावरून काढलेला पडताळ्याचा आकडा पाठवीत आणि पलीकडून पोच आल्यावर पुढे जात. आम्ही शाळेत गुणाकाराचा नवांनी पडताळा शिकवीत असू. जात तीच, फक्त गणित अधिक बळकट.

पण भरलेली स्मृती दर वेळी सगळी पाठवायची तर अर्धा-अर्धा मिनिट जाणार, आणि रोजच्या कामात अर्धा मिनिट हा फार मोठा वेळ असतो. शिवाय सगळी पाठवून भागत नाही. बदलले काय ते कळले पाहिजे. म्हणून प्रत्येक नोंदीला एक स्वतःचा क्रमांक होता आणि प्रत्येक नोंदीच्या कपाळी काही खुणा होत्या. नोंदीत फेरफार केला की एक खूण लागे. इंग्रजीत तिचे नाव होते 'मळलेली'. मळलेल्या नोंदी तेवढ्या पलीकडे जात, पलीकडच्या मळलेल्या इकडे येत, आणि गाठ पडून झाली की दोन्हीकडच्या खुणा धुऊन टाकीत. धोब्याकडे मळके कपडेच जातात, सगळे कपाट जात नाही, त्यातलाच हा प्रकार.

आणि काढून टाकलेल्या नोंदीचे काय? हा प्रश्न आम्ही वर्गात विचारला असता तर पहिल्या बाकावरचा मुलगाही फसला असता. खिशातल्या वहीतून एक नाव पुसले. संगणकात ते आहे. गाठ पडली. इकडे नाही, तिकडे आहे. मग ते इकडे पुसले गेले, की तिकडे नव्याने लिहिले गेले? नुसत्या नसण्यावरून हे कळत नाही. म्हणून नाव पुसल्यावर मजकूर जाई, परंतु नोंदीचा क्रमांक आणि 'काढून टाकली' ही खूण मागे राही, पुढची गाठ पडेपर्यंत. संगणकाला ती खूण दाखवायची, त्याने आपल्याकडचे नाव काढायचे, मग खूणही जायची. म्हणजे एखादी गोष्ट खरोखर विसरायची तर आपण ती विसरलो आहोत, हे काही काळ लक्षात ठेवावे लागते.

याला एक उपप्रश्न आहे. खूण सांगते, 'मागच्या गाठीनंतर मळली.' पण मागची गाठ कोणाशी? एखाद्याचा एक संगणक घरी आणि एक कचेरीत असला, आणि सकाळी घरच्याने खुणा धुऊन टाकल्या, तर दुपारी कचेरीतल्याला सगळे स्वच्छच दिसणार. म्हणून वही शेवटच्या गाठीच्या संगणकाचा ओळखक्रमांक जपून ठेवी. तोच संगणक भेटला तर खुणांवर विश्वास ठेवून झटपट काम. दुसरा भेटला तर खुणा बाजूला ठेवून, संगणकाने मागच्या वेळी राखलेल्या प्रतीशी सगळ्या नोंदी एकेक करून ताडून पाहायच्या. हे काम सावकाश चाले. यंत्राला आपल्या ज्ञानाची मर्यादा कळत होती, हे आम्हांला विशेष वाटते.

आता मूळ भांडण. एकाच नोंदीत दोन्हीकडे फेरफार झाला तर? दोघांनी अगदी तेच लिहिले असेल तर काही करायला नको. एकाने बदलली आणि दुसऱ्याने पुसली, तर बदललेली राहायची. कारण ज्याने बदलली त्याला ती हवी आहे. आणि दोघांनी वेगवेगळे लिहिले असेल, तर यंत्र निवाडा करीत नसे. ते दोन्ही नोंदी दोन्हीकडे ठेवी, आणि आजच्या गाठीत असे असे झाले म्हणून एका टिपणात नोंद करी. पुढे मालकाने पाहून घ्यावे. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या पंडितांनी महाभारताची चिकित्सित आवृत्ती काढली तेव्हा पोथ्यापोथ्यांतले पाठभेद तळटीपांतून छापले, फेकून दिले नाहीत. पंडितांनी वरचा पाठ निवडला तरी होता. यंत्राजवळ तेवढी विद्या नव्हती आणि तेवढी घमेंडही नव्हती.

एवढे तत्त्व झाले. आता आमचा स्वतःचा अनुभव सांगतो, आणि तो सांगण्यासाठीच आम्ही येथे आलो आहोत.

२००० साली आमच्या मेहुण्यांच्या मुलाने अमेरिकेहून येताना आपली वापरलेली अशीच एक खिशातली वही आम्हांला आणून दिली. त्या वेळी आम्ही काही मित्र गावात रक्तदात्यांची यादी सांभाळीत होतो. नाव, रक्तगट, टेलिफोन, मागच्या वेळी रक्त केव्हा दिले ती तारीख. कारण दोन वेळांत तीन महिने तरी जावे लागतात. संगणक आमच्या एका मित्राच्या औषधांच्या दुकानात होता. त्यांना सगळे अण्णा म्हणत. दुकानात माणसे येत, अण्णा संगणकावर नोंदी करीत. आम्ही गावात हिंडत असू, आम्ही खिशातल्या वहीत करीत असू. आठवड्यातून दोनदा दुकानाच्या गल्ल्यामागे पाळण्यात वही ठेवून दोन्ही याद्यांची गाठ घालायची. यंत्राला देवनागरी येत नव्हती. नावे रोमन लिपीत लिहायची, आणि 'पाटील' लिहिताना अण्णा एक आय घालीत, आम्ही दोन ई. एकाच माणसाची दोघांनीही नवी नोंद केली की यंत्राच्या लेखी ती दोन माणसे होत. याला यंत्र काय करील?

२००२ च्या सुमारास आपल्याकडच्या टेलिफोनच्या नंबरांअगोदर २ हा आकडा आला, हे आपणांस आठवत असेल. अण्णांनी एका रविवारी बसून सगळ्या यादीत दोनाचा आकडा लावला. त्याच रविवारी आम्हीही तेच पुण्यकर्म घरी बसून केले. सोमवारी गाठ घातली. नेहमी क्षणात होणारे काम संपेचना. संपले तेव्हा अण्णा ओरडले, "सर, यादी दुप्पट झाली हो!" झाले होते असे की, आम्ही दोनानंतर एक लहानशी रेघ दिली होती, अण्णांनी दिली नव्हती. तुम्हांआम्हांला नंबर एकच. पण रेघ हेही एक अक्षर आहे, आणि अक्षर वेगळे तर नोंद वेगळी. यंत्राने प्रामाणिकपणे दोन्ही ठेवल्या. जादा नोंदी काढून टाकण्यात आमच्या चार संध्याकाळी गेल्या आणि त्या चार संध्याकाळी आम्ही यंत्राविषयी जे बोललो ते या व्यासपीठावर सांगता येणार नाही.

पण याच खोडीने एकदा लाज राखली. ओ निगेटिव्ह गटाचे एक तरुण गृहस्थ यादीत होते. त्यांनी घर बदलले. आम्हांला रस्त्यात भेटले तेव्हा आम्ही नव्या घराचा नंबर वहीत घातला. अण्णांना दुकानात भेटले तेव्हा अण्णांनी ते जेथे रात्रपाळीला जात त्या कारखान्याचा नंबर संगणकात घातला. गाठीनंतर त्यांची नोंद दोनदा झाली. टिपणात तसे लिहून आले होते. आम्ही ते वाचले नाही, हे कबूल करतो. पुढे एका रात्री दवाखान्यातून बोलावणे आले. बाळंतीण अडली होती. घरच्या नंबरावर कोणी उचलीना. आम्ही हताश होऊन यादी खाली सरकवितो तो त्याच नावाची दुसरी नोंद. कारखान्याच्या पहारेकऱ्याने त्यांना बोलावून आणले आणि दीडच्या सुमारास ते सायकलीवरून दवाखान्यात पोहोचले. बाळंतीण वाचली. नंतरचा तो खरा, असा नियम त्या यंत्रात असता, तर घरचा नंबर आम्ही मागाहून घातला होता. कारखान्याचा नंबर केव्हाच गेला असता आणि तो गेला हे आम्हांला कधी कळलेही नसते.

दुसरा प्रसंग सांगायला जड जातो. आमच्या यादीत शिवणकाम करणारे एक गृहस्थ होते. नेमाने रक्त द्यायचे. एकदा ते घरी आले, दार लोटून घेतले आणि म्हणाले, "सर, रक्तपेढीच्या डॉक्टरांनी सांगितलं, मला कावीळ होऊन गेलीय, ती वाईट जातीची. रक्त द्यायचं नाही म्हणाले. माझं नाव काढा. आणि कुणाला कारण सांगू नका." गिऱ्हाइकांना कळले तर आपल्या हातचे कपडे लोक घालणार नाहीत, अशी त्यांना भीती. ती भीती अनाठायी होती, कारण त्या आजाराचा कपड्यांशी संबंध नाही. पण भीती होती आणि तिच्यावर त्यांचे पोट होते. आम्ही त्यांच्यादेखत वही काढली, त्यांचे नाव काढून टाकले. यंत्राने विचारले, संगणकावर जुनी प्रत ठेवायची का? आम्ही नको म्हटले. पडदा त्यांना दाखविला. ते समाधानाने गेले.

त्या आठवड्यात अण्णा परगावी होते, दुकान बंद होते. गाठ पडली नाही. वहीतले दोन बारीक सेल संपत आले होते, तसे यंत्र सांगतही होते. सेल काढून नवे घालेपर्यंत मिनिटभर स्मृती टिके, त्यापलीकडे नाही. आम्ही आज घालू उद्या घालू करीत राहिलो, आणि एका सकाळी वही कोरी झाली. आम्हांला फारशी चिंता वाटली नाही. संगणकात सगळे होते ना! अण्णा आल्यावर पाळण्यात ठेवून बटण दाबले, आणि सगळी यादी जशीच्या तशी वहीत परत भरली. आम्ही यंत्राचे कौतुक केले.

आपल्या ध्यानात आलेच असेल. ते नाव पुसले गेले होते हे फक्त वहीला ठाऊक होते. 'काढून टाकली' ही खूण वहीच्या स्मृतीत होती आणि सेलांबरोबर तीही गेली. संगणकाने कोऱ्या वहीला आपल्याजवळचे सगळे दिले, त्यात तेही नाव दिले. त्याची काही चूक नव्हती. चूक आमची. आम्ही पुसल्यावर पुन्हा ताडून पाहिले नाही, अण्णांना सांगितले नाही, कारण कारण सांगायचे नाही असा शब्द दिला होता.

दोन महिन्यांनी अण्णांनी छापील यादीवरून त्यांना दुकानातून फोन केला. त्यांच्या मुलीने फोन घेतला. दवाखान्यात रक्त हवे आहे म्हटल्यावर ती बाबांना हाका मारू लागली, आणि बाबा येईनात. शेवटी त्यांना घरात, बायकामुलांदेखत, आपण का जाऊ शकत नाही ते सांगावे लागले. त्यांनी घरीही सांगितले नव्हते. संध्याकाळी ते आमच्याकडे आले. आवाज चढविला नाही. एवढेच म्हणाले, "सर, तुम्ही माझ्यादेखत पुसलं होतं."

आम्ही त्यांना खुणांची, सेलांची, पाळण्याची हकीकत सांगू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. शाळेत आमचा तास जसा मुले ऐकून घेत तशी. मग म्हणाले, "म्हणजे दुसऱ्या वहीला कळवायचं राहिलं." आम्ही घटकाभर घेतलेले व्याख्यान त्यांनी एका वाक्यात संपविले.

त्यानंतर आम्ही आणि अण्णांनी एक रीत घातली. यादीतून नाव काढायचे ते दोघांनी एकत्र बसून, संगणकावर, आणि लगेच गाठ घालायची. तशी सवड नसेल तर नाव न काढता नोंदीत 'बोलावू नये' एवढे दोन शब्द घालायचे. कारण लिहायचे नाही. गाठीचे टिपण दर वेळी वाचायचे. सेल महिन्याच्या एक तारखेला बदलायचे, संपलेले असोत वा नसोत.

त्या कंपनीचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. १९९८ साली हॉकिन्स आणि त्यांचे प्रमुख सहकारी बाहेर पडले, दुसरी कंपनी काढली. मग टेलिफोन आणि वही एकाच यंत्रात आली. २०१० साली ह्यूलेट-पॅकार्डने पाम विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी ती यंत्रे बनविणे बंद केले. पाळणा गेला, बटण गेले. आता फोनमधील नावे आपोआप, न सांगता, दूर कोठे तरी असलेल्या संगणकांवर जातात आणि तेथून आपल्या दुसऱ्या यंत्रांवर येतात. सोय मोठी आहे. सेल संपले म्हणून कोणाची यादी जात नाही. परंतु दोन ठिकाणी दोन फेरफार झाले तर काय करायचे हा प्रश्न तेथेही आहे, आणि पुष्कळ व्यवस्था त्याचे उत्तर 'घड्याळात ज्याची वेळ नंतरची तो खरा' असे देतात. हरलेली नोंद कोठे गेली याचे टिपण बहुधा आपल्यापुढे येत नाही. घरात दोघांचा मिळून एक पत्त्यांचा संग्रह असेल, सोसायटीची किंवा संस्थेची यादी दोघेतिघे चालवीत असतील, त्यांनी एकदा मुद्दाम करून पाहावे. दोन फोनांचा जगाशी संबंध तोडावा, एकाच नावात दोन वेगळे फेरफार करावे, संबंध पुन्हा जोडावा, आणि काय उरते ते पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे.

आमची वही आजही टेबलाच्या खणात आहे. सेल काढून ठेवले आहेत, त्यामुळे ती कोरी आहे. अण्णांच्या दुकानात नवा संगणक आला तेव्हा जुन्यातली यादी आम्ही कागदावर छापून घेतली, कारण नव्या संगणकाला तो जुना दोर लावायला जागाच नव्हती. शिवणकाम करणारे ते गृहस्थ आता हयात नाहीत. त्यांच्या घरच्यांना विचारून, आणि या वेळी दोन्हीकडे पाहून, त्यांचे नाव छापील यादीतून आम्ही शाईने खोडले. अण्णांनी आपल्या प्रतीत खोडले ते आमच्यासमोर.